कासेतलं चांदणं

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीतल्या स्कॅनच्या पडद्यावर शेळीचं अंग काळोखात विरलं होतं. सकाळी टोचलेलं किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइडमध्ये फुलपाखरासारखं उजळलं होतं. हळूहळू कासेतही चांदणं उतरलं.

"दुधात गेलं. करडू वेगळं ठेवलंय ना?" सहकाऱ्याने विचारलं.

"हो," म्हणताना वेदवतीचा हात स्वतःच्या गळ्यावरच्या व्रणाकडे गेला. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तिलाही हेच औषध घ्यायचं होतं. पण तान्ह्या लेकीचं अंगावरचं दूध तोडवेना, म्हणून ती ते पुढे ढकलत होती.

शेजारच्या गोठ्यात करडू शेपटी हलवत बाटली लुचत होतं. ती बघतच राहिली. मग तिने सासूबाईंना फोन लावला.

"आई, आजपासून तिला बाटलीनं पाजा."

"रडेल गं ती."

"रडू दे. मला ती मोठी झालेली बघायचीय."