मिडलेतली चूक

पोहण्याचे चारही प्रकार असलेल्या चारशे मीटर मिडलेत शिरूरची प्रिन्सी पहिली आली आणि लगेच बाद ठरली. ब्रेस्टस्ट्रोकच्या वळणावर तिचा एकच हात भिंतीला लागला होता.

"दोन्ही हात लावायचे असतात, हे अकरा वर्षं पोहूनही कळलं नाही?" पंचांनी विचारलं.

"विसरले, सर." बाकीच्या मुली हसल्या.

बाहेर गिदोननं लेकीच्या खांद्यावर टॉवेल टाकला, तशी ती कळवळली.

"डावा हात पुरता वर जात न्हाई तुझा," तो हळूच म्हणाला. "मग पंचांना सांगितलं का न्हाई?"

"त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलं असतं, आणि डॉक्टरांनी उद्या पाण्यात उतरूच दिलं नसतं, पप्पा. निवडीसाठी आता पंधराशे फ्रीस्टाइल तेवढी राहिलीय. तिच्यात वळताना एक हात लागला तरी चालतो."