नखाची खूण

"पुन्हा तेच! ड्वेन, तुझी नखं मुळापासून कापीन हं मी!"

व्हर्ना पार वैतागली होती. सोमवारी झाडं तोडणारे यायच्या आत फर वृक्षांच्या या उतारावरचं झुडूप न् झुडूप ओळखून नोंदवायचं होतं आणि सकाळपासून वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला होता.

ओरेगन ग्रेप ओळखणं तसं सोपं. गुडघ्याएवढं झुडूप, काटेरी पानं, निळी फळं. खात्री हवी तर खोडावर नख ओढायचं. सालीखाली हळदीसारखं पिवळं दिसलं की झालं. एकानं नख लावलेल्या झुडपाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा दोघांचा वीस वर्षांचा नियम.

आज मात्र ती वाकेल तिथे नख आधीच लागलेलं. ताजं, अजून ओलं.

"उतार वाटून घेतलाय ना? मग माझ्या पुढे कशाला कडमडतोस?"

"अगं बाई, मी इथे खाली आहे!" आवाज खरंच ओढ्याकडून आला. "उलट माझीच झुडपं तू खरवडून ठेवलीस!"

धापा टाकत तो वर आला, तशी ती तणतणत पाठमोरी झाली.

"व्हर्ना, तुझ्या मानेवर ओरखडा आहे. नखाचा."

"काटा लागला असेल. रक्त आलंय का?"

ड्वेननं जवळ येऊन वाकून पाहिलं.

"अरे, दातखीळ बसली का? रक्त आलंय का?"

"नाही," तो एक पाऊल मागे सरकला. "आत पिवळं आहे."