बोडिलसाठी जागा

“मोलकरणीचं नाव घराण्याच्या दगडावर? मग खेचराचंही कोरू की,” व्हर्लआजोबा म्हणाले.

जनेल हसली नाही. टेबलावर तिच्या खापरपणजोबांची, येप्पे ओव्हरगार्ड यांची, पत्र्याची पेटी उघडी होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती उन्हाळ्यापुरती कॅसल व्हॅलीत घरी आली होती. स्मशानातला झिजलेला दगड बदलण्याआधी जुने कागद नीट लावायचं काम आजोबांनीच तिला दिलं होतं. नवा दगड चोवीस जुलैला, सगळं कुळ जमलं की उघडायचा होता. त्यावर दोन नावं ठरली होती : येप्पे आणि त्याची बायको मेत्ते.

तिसऱ्या नावासाठी वस्तीतली म्हातारी लारू टटल कुळाच्या दर मेळाव्यात उभी राहायची. तिच्या आजीला सगळी वस्ती बोडिल म्हणायची. येप्पेच्या घरची कामवाली. लारूचं म्हणणं एकच : ती मोलकरीण नव्हती, बायको होती. त्या काळी आपल्या चर्चच्या माणसांना दोन बायका असायच्या. पण सरकारी शिपाई दुसरीचा माग काढत फिरायचे आणि नवऱ्याला तुरुंगात घालायचे. म्हणून दुसरीच्या पोरांना ‘बाप मेला’ असं पढवत. लारूचे वडील तेच म्हणत म्हातारे झाले. शाळेत त्यांना ‘बिनबापाचा’ म्हणत. लारू आता ऐंशीला टेकली होती. डोळे मिटायच्या आत वडलांना त्यांचा बाप मिळावा, एवढंच तिला हवं होतं.

“पुरावा आण म्हणावं तिला,” आजोबा म्हणाले. “आपण मेत्तेचे. डेन्मार्कात लग्न लागलेली, बैलगाडीमागे माळरानं तुडवत पायी आलेली बाई. ती बोडिल मागाहून आली. आगगाडीत बसून, आरामात.”

जनेल शाईच्या रंगावरून कागदांचे ढीग लावत होती. मधेच एक फोटो निघाला. या खोऱ्यातलं पहिलं लाकडी घर, दारात बाळ कडेवर घेतलेली मेत्ते, मागे बादली धरून बोडिल.

“मेत्ते किती कोवळी दिसते!”

“ओव्हरगार्डांचं रक्त आहे. मला तरी कोण अठ्ठ्याहत्तर म्हणेल?”

“ती लग्नाने ओव्हरगार्ड झाली, आजोबा.”

“मग डोंगरची हवा म्हण.”

दुपारी येप्पेच्या डॅनिश बायबलातून एक घडी घातलेला कागद पडला. सॉल्ट लेकचा, चर्चचा शिक्का असलेला. येप्पे आणि बोडिल यांना अनंतकाळासाठी पतिपत्नी म्हणून बांधलं होतं. तारीख या खोऱ्यात येण्याआधीची, मँटी गावाकडे राहत होते तेव्हाची.

आजोबांनी कागद उजेडाकडे धरला. उलटा करून पाहिला. मग चष्मा काढून पुसत बसले.

“शिक्का खरा आहे,” जनेल हळूच म्हणाली.

“दिसतंय मला. आंधळा नाही झालो.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “कोर म्हणावं पाथरवटाला. दुसरी बायको, बोडिल. खाली. आणि बारीक अक्षरात, दगड काही रबराचा नाही.”

जनेलने दगडाचा कच्चा आराखडा काढला आणि गाडी काढून थेट कालव्याकडच्या घरी गेली. लारू ओसरीत जर्दाळू चिरत बसली होती. तिने आराखडा वाचला, पुन्हा वाचला, आणि सुरी बाजूला ठेवून ओल्या हातांनीच जनेलला जवळ घेतलं.

“म्हणजे आता चर्चमधल्यासारखं सिस्टर टटल नाही ना म्हणायचं?” जनेलने विचारलं.

“आजी म्हण. उशीर झालाय, पण चालेल.”

“लारूआजी, तुम्हाला नवल नाही वाटलं?”

“कशाचं? बोडिल त्याची बायको होती, हे मला माझ्या आजीनेच सांगितलेलं. मटार सोलता सोलता. सगळंच सांगितलं होतं तिने.”

“सगळं म्हणजे?”

“इतकंसुद्धा कुणी मानत नव्हतं, तर पुढचं कोण ऐकणार?” लारूने पुन्हा सुरी उचलली. “मँटीहून निघाले तेव्हा धाकटीला दिवस गेले होते. तिचं पोट दिसलं की येप्पे तुरुंगात. लग्नाच्या बायकोच्या पोटाची चौकशी कोण करतो? इथे ओळखणारं कुणी नव्हतं. वाटेत गाडीतच दोघींनी नावं बदलली, आणि थोरली मोलकरीण होऊन उतरली. भीती सरली तोवर वस्तीच्या तोंडी तीच नावं बसली होती.”

जनेलला फोटोतली बाळ घेतलेली कोवळी मेत्ते आठवली. “मग तुमची आजी...”

“डेन्मार्कात लग्न लागलेली. पायी आलेली.” लारूने एक फोड तिच्या हातावर ठेवली. “बोडिलचं नाव जरूर कोरा. फक्त व्हर्लला सांग, अक्षरं जरा मोठी घे म्हणावं. स्वतःच्या आजीचं नाव आहे.”