बाहीची चार बोटं

“बाहीला अजून चार बोटं घाल,” आई म्हणाली.

मुलीनं सुया मांडीवर टाकल्या. दिवसभर लाँड्रीत परक्यांच्या बाह्यांवर इस्त्री फिरवून तिचे खांदे भरून आले होते, आणि घरी आलं तरी पुन्हा बाहीच. “वहीत माप लिहिलंय ना तुझ्याच हातानं? दादा काय चाळिशीत उंच व्हायला लागलाय?”

“लोकर धुतल्यावर आटते. तू घाल म्हटलं की घाल.”

गेली सहा वर्षं आईचा हाच हट्ट. स्वेटर आईच विणायची, पण सुटलेला टाका शोधायला आणि बाह्या पुऱ्या करायला मुलीला बसावं लागे. आईला सुईत दोरा ओवता येत नसे, ताटातला खडा दिसत नसे. “जवळचं जाऊ दे, दूरचं मला तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं,” असं ती वर ऐटीत सांगायची. म्हातारी माणसं असं बोलतातच, म्हणून मुलगी सोडून द्यायची.

खिडकीखालून नदी वाहत होती. अकरा वर्षांपूर्वी दोन काठांचं बिनसलं, नदीची सरहद्द झाली, पूल बंद झाला, आणि होड्यांच्या कारखान्यात कामाला गेलेला दादा पलीकडेच अडकला. तेव्हापासून वर्षातून एकदा दोन्ही काठांवर माणसं जमायची आणि एकमेकांना हात करायची. पात्र एवढं रुंद, की आवाज पोचायचा नाही, चेहरा कळायचा नाही. म्हणून आई दरवर्षी लाल स्वेटर विणून पार्सलनं पाठवायची. लाल दिसला की तो आपला.

दादा सात वर्षांपूर्वीच तापानं गेला होता.

पत्र लाँड्रीच्या पत्त्यावर आलं होतं, त्याच्या खोलीत राहणाऱ्या सुताराचं. मुलगी वाफेच्या खोलीत जाऊन रडली आणि घरी येऊन म्हणाली, डोळ्यांत वाफ गेली. आईनं हाय खाल्ली असती, याबद्दल तिला शंकाच नव्हती. तिनं सुताराला लिहिलं : त्या दिवशी त्याचा लाल स्वेटर घालून काठावर उभे राहाल का? एकदाच. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं. ‘मला आई नाही. हात हलवायला काय जातं?’

एकदाचं सात वेळा झालं. पार्सलं सुतार घ्यायचा, सही दादाच्या नावानं करायचा. काठावरून परतताना आई दर वेळी म्हणायची, “बरा दिसला गं पोरगा.” मुलगी मान डोलवायची. तेवढ्या एका वाक्यासाठी ती वर्षभर खोटं बोलायला तयार होती.

आणि आता घाटावर नोटीस लागली होती. यंदा सत्तरीपुढच्या माणसांना, एका सोबत्यासह, पुलाच्या मध्यापर्यंत जाता येईल. भेट दहा मिनिटं. पार्सलची पावती दाखवावी. दिवस चारच उरले होते आणि पत्र पोचायला तीन आठवडे लागत. सुताराला काही कळवायला वेळच नव्हता.

“पुलावर वारा फार असतो आई. तुझे गुडघे—”

“गुडघे माझे, दुखतात मला. तू का कण्हतेस?”

भेटीच्या सकाळी आई सगळ्यांच्या आधी रांगेत उभं राहायला निघाली होती, तरी एक बाई पुढे होत्याच. “केस रंगवलेत हिनं. मुलगा ओळखायचा नाही,” आई कुजबुजली. आईची कुजबुज चार घरांना ऐकू जायची. त्या बाईंनी रागानं वळून पाहिलं. एरवी मुलगी लाजेनं मेली असती. आज तिचं लक्षच नव्हतं.

पूल चढताना तिनं आईचा दंड घट्ट धरला. “आई, थांब जरा. मला एक सांगायचंय. दादा...”

“परत येताना सांग. दहा मिनिटांतलं एक तू इथंच खाशील.”

मध्यावर पांढरी रेघ होती. शिपायानं सोबत्यांना पाच पावलं मागं थांबवलं. दादाचं नाव पुकारलं गेलं आणि पलीकडच्या घोळक्यातून एक माणूस पुढे आला. दादा बुटका, आडव्या अंगाचा. हा चांगला उंच, लांब हातांचा. अंगात लाल स्वेटर, केसांत लाकडाचा भुसा. आंधळ्यालाही फसवता आलं नसतं. मुलीनं कठडा धरला. संपलं, तिच्या मनात आलं, इतक्या वर्षांचं सगळं आता हिच्या पायाशी कोसळणार, आणि मी पाच पावलं लांब.

सुतार आईसमोर वाकला. “आई,” तो म्हणाला. “आई, मला माफ करा, मी...”

“आधी हा घाल. वारा बघ किती सुटलाय.” आईनं पिशवीतून नवा स्वेटर काढून जुन्यावरच त्याच्या डोक्यात घातला. त्याचे दोन्ही हात बाहेर ओढले. मग बाहीची कड धरून ती खाली खेचली आणि अंगठ्यानं चाचपून पाहिलं. बाही मनगटावर नेमकी बसली होती.

आई त्याच्या कानाशी लागून कुजबुजली आणि त्यातला शब्दन् शब्द मुलीला ऐकू आला.

“पहिल्या वर्षी तू हात वर केलास, तेव्हा त्याच्या बाह्या तुला किती आखूड पडल्या होत्या रे, एवढ्या थंडीत. आता डोळे पूस आणि हस बघू. मागं ती उभी आहे. तिला वाटू दे, मला काही माहीत नाही.”