जादा तास

घंटा झाली आणि पर्यवेक्षकांनी मोनालीची उत्तरपत्रिका काढून घेतली. दोन प्रश्न अजून बाकी होते. पडेगावची जन्मांध मोनाली बी.ए.च्या शेवटच्या पेपरची उत्तरं सांगत होती आणि लेखनिक अदीबा ती लिहून घेत होती. "सर, मला एक तास जादा मिळतो," मोनाली म्हणाली. "असा नियम नाही." "मग वाचून दाखवते." तिनं हॉलतिकिटाला जोडलेला ब्रेलमधला कागद उलगडला. विद्यापीठाचं परिपत्रक तिनं स्वतः टोचून उतरवलं होतं. ठिपक्यांवरून बोटं फिरवत तिनं नियम तारखेसकट मोठ्यानं वाचला. उठू लागलेली मुलं जागीच थांबली. सरांनी कार्यालयात फोन करून विचारलं आणि उत्तरपत्रिका अदीबापुढं ठेवली. "लिही गं, प्रश्न चौथा," मोनाली म्हणाली. मग ती सरांकडं वळली. "सर, शेजारच्या खोलीतल्या रिझवानलाही दिसत नाय. त्याचाही तास जातोय." सर धावतच निघाले.