थंड नळीची पहिली गोळी

एमरीने रायफल लोखंडी शिकंज्यात आवळली आणि दोन्ही हातांनी हिसडून पाहिली. हलेल तर शपथ!

"नळीचा मागचा पाऊण इंच कापून टाकला, अर्लीन. गोळी बसते ते चेंबर नव्यानं कोरलं. जुनं तिरकं होतं, शिवाय ढिलं. म्हणून नळी थंड असली की पहिली गोळी अर्धा इंच डावीकडे जायची."

"मला सांगतोस? चाळीस वर्षं वेंडेल पहिल्या गोळीला अर्धा इंच उजवीकडे नेम धरायचा, बाकीच्यांना सरळ." अर्लीनने कोट आवळून घेतला. नवऱ्याला जाऊन पाच महिने झाले होते. रविवारी क्लबच्या नेमबाजी स्पर्धेत त्याच्या जागी ती बसणार होती, आणि तिला हरायचं नव्हतं. "मला नाही जमायची ती थेरं. सरळ चालायला हवी."

"चालणारच. माझ्या हातचं काम आहे!"

त्याने घोडा ओढला. दुर्बिणीतून पन्नास यार्डांवरचा कागद पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मग आणखी चार झाडल्या. त्या चारींचं मधोमध एकच भोक झालं. पहिली तेवढी अर्धा इंच बाजूला होती.

"उजवीकडे?" तो पुटपुटला. "डावीकडे गेली असती तर म्हटलं असतं, चुकलो."

नळी गार होईपर्यंत दोघांनी कॉफी घेतली. वारा नव्हता. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा एमरीने घोड्याला दोरी बांधली आणि सहा फूट लांब उभं राहून ओढली. पहिली गोळी उजवीकडे, मोजून अर्धा इंच.

त्याने दोरी खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"अर्लीन," तो हळूच म्हणाला, "रायफल दुरुस्त झालीय हे वेंडेलला कुणी सांगितलंच नाही गं. तू सांग. तुझं ऐकेल तो."

अर्लीन शिकंज्याजवळ गेली. वेंडेलचा गाल टेकून टेकून दस्त्याचं लाकूड एका जागी गुळगुळीत झालं होतं. तिथे तिने तळवा ठेवला. नोव्हेंबरच्या त्या गारठ्यात लाकूड कोमट लागलं.

"नको," ती म्हणाली. "सांगितलं तर निघून जाईल."

"अगं, पण रविवारी?"

"रविवारी पहिल्या गोळीला मीच धरीन नेम, अर्धा इंच डावीकडे."