दुखणार नाही अशी सॅक

तिसऱ्या सॅकचा पट्टा डाव्या खांद्यावर आवळला गेला, मंदाकिनीबाईंनी डोळे घट्ट मिटले, आणि उत्तमरावांना हायसं वाटलं.

"दुखलं ना? सांगत होतो मी. सॅक म्हटली की दुखणारच. चल, घरी जाऊन चहा घेऊ."

"बसा हो जरा," बाई म्हणाल्या. "दुकानात आलोय, दवाखान्यात नाही."

जयपूरच्या तिलक नगरातलं ट्रेकिंगच्या सामानाचं ते दुकान टीचभर होतं, पण उत्तमरावांना तिथे कोर्टात उभं राहिल्यासारखं होत होतं. कारण अट त्यांचीच. गेल्या वर्षी बाईंच्या छातीतली गाठ काढली, तेव्हापासून डावा खांदा आखडलेला. उपचार संपले, डॉक्टरांनी चालायला मोकळीक दिली, आणि तिथल्या मराठी मंडळातल्या एका कीर्तनाहून घरी येता येता बाईंनी सांगून टाकलं की दोघी मैत्रिणींबरोबर मी नर्मदा परिक्रमेला जाणार. पायी. माईला उजव्या हाताला ठेवून महिनोन्‌महिने. उत्तमरावांचे दोन्ही गुडघे बदललेले, त्यांना बरोबर जाता येणार नव्हतं. कीर्तनाहून आलेल्या बाईला तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून ते म्हणाले, "खांदा दुखणार नाही अशी सॅक मिळाली, तर खुशाल जा." सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. उमेदीची सगळी वर्षं पाठीवर पिट्ठू वाहिलेला. अशी सॅक जगात नसते, याची त्यांना पक्की खात्री होती.

दुकानाची मालकीण सावनी मराठी घरातली, पण जन्मापासून जयपूरची; तिचं मराठी हिंदीचं बोट धरून चालायचं. तिने आतून एक राखाडी सॅक आणली. "आंटीजी, ही बघा. अल्ट्रालाइट आहे. मतलब, खाली असली तर वजनच नाही."

उत्तमरावांनी कापड चिमटीत धरलं. "ही सॅक आहे का संक्रांतीचा पतंग? बाभळीला अडकली की गेली."

"नाही जात, अंकलजी. मी हिला पहाडात घेऊन फिरली आहे."

"रिकामी सॅक कुणीही उचलेल. भरून बघू." त्यांनी घरून आणलेली भलीमोठी पिशवी उपडी केली. ब्लँकेट, स्टीलचे डबे, बॅटरी, स्टोव्ह, नायलॉनचा दोर. "आता बघ, वाटेत कधी काय लागेल सांगता येत नाही. आमच्या पलटणीत..."

"तुमचा पूर्वरंगच संपत नाही," म्हणत बाईंनी स्टोव्ह बाजूला काढला. "काठावरची माणसं शिधा देतात. चूल देतात. घरात बोलावून जेवू घालतात."

"आणि नाही घातलं तर?"

"तर माई बघेल."

"माई काय रसद खात्यात आहे?"

"तुमच्या रसदीपेक्षा वेळेवर पोचवते, असं कीर्तनात बुवा म्हणाले."

सावनी तोंडावर हात ठेवून हसली. बाई एकेक डबा मागे ठेवत गेल्या. शेवटी दोर उचलला. "आणि हा कशाला? कुणाला बांधून ठेवायचंय?"

 उत्तमरावांनी दोर स्वतःच परत पिशवीत टाकला.

सॅकमध्ये ब्लँकेट, दोन पातळं, तांब्या आणि बाईंच्या झांजा, एवढंच राहिलं. बाईंनी ती पाठीवर घेतली. उत्तमराव खांद्याचा पट्टा ओढायला पुढे झाले, तशी सावनीने त्यांना थांबवलं. "पहले कमरेचा, अंकलजी. सगळं वजन इथे येतं. खांद्यावरचे फक्त पकडून ठेवतात. ढिले."

उत्तमरावांचा हात तसाच राहिला. मघाच्या तिन्ही सॅकचे पट्टे पलटणीतल्या सवयीने त्यांनीच खांद्यावर करकचून आवळले होते. सवयीनेच, दुसरं काय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण ते काही त्यांना धड पटलं नाही.

बाई आरशापासून दारापर्यंत गेल्या, परत आल्या.

"जिना चढून दाखव," उत्तमराव म्हणाले.

बाई पोटमाळ्याचा लोखंडी जिना चढल्या. मागून येणाऱ्या सावनीला त्या बुवांचं आख्यान सांगत होत्या. एक राजा नदीकाठी आला, म्हणे, सोबत हत्ती, घोडे, खजिना. नावाडी म्हणाला, महाराज, नाव तुमची आहे, पण बुडेल. वर पोचून त्या वळल्या, गोष्टीतल्या राजाला हत्तीवरून उतरवलं आणि जिना उतरायला लागल्या. उत्तमराव खाली उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दुखलं की बाईंचं बोलणं अर्ध्यावर तुटतं, हे वर्षभरात त्यांना पाठ झालं होतं. शेवटची पायरी आली. राजाचे घोडेही काठावर राहिले. बोलणं चालूच.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"काय?" बाईंना प्रश्नच कळला नाही. मग कळला. "अगंबाई! नाही हो."

उत्तमराव तिथल्या स्टुलावर बसले. आपण हरलो, हे त्यांना समजत होतं. पण छातीवरचं काहीतरी कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं होतं, आणि त्यांना हसू येत होतं. वर्षभर ते त्या चेहऱ्यात दुखणं शोधत आले होते. आज सापडेना.

"घे," ते म्हणाले. "हीच घे."

"हीच, पण हा रंग नको. राखेसारखा आहे." बाईंनी सॅक उतरवून उजव्या हातात धरली आणि भिंतीकडे गेल्या. तिथे वरच्या खुंटीला तशीच एक निळी सॅक टांगलेली होती. बोलता बोलता त्यांनी टाचा उचलल्या आणि डावा हात वर नेला. वर्षभर तो हात खांद्याच्या वर गेला नव्हता; घरातल्या फडताळावरचा साधा साखरेचा डबाही उत्तमरावच काढून देत.

आत्ताही त्यांचा हात पुढे झाला होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला आणि खिशात घातला.